अकरा ‘आम्ही’

शुक्रवारी दुपारी पावणेचारला तिने ‘सगळे बदला’ या बटणावर क्लिक केलं आणि अकराच्या अकरा ‘आम्ही’ एका दमात नाहीसे झाले. त्यांच्या जागी अकरा ‘मी’ येऊन बसले. पान जरासं आकसलं, शेवटची ओळ थोडी वर सरकली, एवढाच काय तो फरक. ‘आम्हाला’चं ‘मला’ आणि ‘आमच्या’चं ‘माझ्या’ तिने आधीच करून घेतलं होतं. पान इंटरनेटवर चढवून तिने खुर्चीला पाठ टेकली आणि बोटं मोडली. तिच्यापुरता आठवडा संपला होता.

या बटणाने तिला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं होतं. कोपऱ्यावरचा किल्लीवाला कपाटाएवढ्या दुकानात एकटाच बसतो. त्याची वेबसाइट तिने केली होती. त्याला आपलंच ‘मी, मी’ वाचून लाज वाटली. ताई, जरा माणसं असल्यासारखं दिसू द्या, म्हणाला. तिने सगळीकडे ‘मी’चं ‘आम्ही’ करून टाकलं, आणि दोन दिवस त्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘कामाची हआम्ही’ झळकत राहिली. खाली ‘नेहआम्ही तत्पर’. किल्लीवाल्याने ते वाचलं होतं; त्याला वाटलं, कॉम्प्युटरमध्ये तसंच लिहीत असतील. तेव्हापासून बटण दाबण्याआधी ती विचार करायची, हा शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या पोटात तर नाही ना. ‘आम्ही’ कुणाच्या पोटात नव्हता. म्हणून या खेपेला तिने पान पुन्हा वाचलं नाही.

रस्त्यावर तिला सगळे वेबताई म्हणत. आणि पान होतं तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या टायपिस्टबाईंचं.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सगळी नोकरी एका कचेरीत टायपिंग करण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी कुणी बोलायला लागलं की टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं चालू होत. समोरच्याचं वाक्य त्या टाइप करून घेत आहेत असं वाटे, आणि माणूस आपोआप नीट बोलू लागे. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांच्या भाच्याचा धीर मोडला. त्याने सांगून टाकलं, की महिनाअखेरीपर्यंत सोबतीला कुणी राहायला आलं तर ठीक, नाही तर शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात त्याने खाट सांगून ठेवली आहे. बाईंनी हे सगळं धुवायच्या कपड्यांची यादी वाचून दाखवावी तसं सांगितलं. मग पुढची खोली भाड्याने द्यायची आहे, त्यासाठी एक पान करून द्या म्हणाल्या, आणि टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

“मला इथून जायचं नाही,” एवढं एक वाक्य त्या बोटं थांबवून बोलल्या.

कागदावर सगळं ‘आम्ही’मध्ये होतं. वेबताईने विचारलंही होतं, की बाई, तुम्ही तर एकट्या, मग आम्ही म्हणजे कोण? त्यावर बाई म्हणाल्या होत्या, आम्ही म्हणजे आम्ही. कचेरीच्या पत्रांची सवय, दुसरं काय, असं म्हणून तिने कागद घेतला होता. पण भाडेकरूच्या बाजूने विचार केल्यावर तिला ते खटकलं. आम्ही म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, आत कुटुंब आहे, न्हाणीघरासाठी रांग आहे. एकटी म्हातारी बाई आहे हे कळलं तर एखादी मुलगी निर्धास्तपणे येईल. शिवाय एकट्या माणसांचं ‘आम्ही’ हा तिचा खास चेष्टेचा विषय होता.

दर शुक्रवारी काम आटोपलं की ती स्वतःच्या वेबसाइटवर आठवड्याचा एक तुकडा लिहायची. काय काम केलं, कुठल्या गिऱ्हाइकाला निळा रंग ‘अजून थोडा आनंदी’ हवा होता, रस्त्यावर कोण कुणाशी बोलेनासं झालं. वाचक नऊ. त्यातली एक तिची धाकटी बहीण, आणि एक ती स्वतः, शुद्धलेखन तपासायला. त्या शुक्रवारी तिने ‘आम्ही’चाच हिशेब मांडला. इस्त्रीवाल्याच्या पानावर ‘आमचे कुशल कर्मचारी’ आहेत, म्हणजे तो आणि इस्त्री. चष्मेवाल्याकडे ‘आमचे तज्ज्ञ’ सकाळ-संध्याकाळ भेटतात. सकाळी तो, संध्याकाळी तोच, शर्ट बदलून. रस्त्यावरच्या दुकानांत मिळून माणसं चौदा आणि ‘आम्ही’ एकोणसाठ, मग उरलेली माणसं राहतात कुठे, असा प्रश्न विचारून तिने तुकडा संपवला. खाली जोडलं, की एका घरातले अकरा ‘आम्ही’ मी आजच बाहेर काढले आहेत, खोली रिकामी आहे, कुणाला हवी असल्यास पाहावी. आणि बाईंच्या पानाचा दुवा दिला.

पुढचा आठवडा दाताच्या डॉक्टरांच्या वेबसाइटमध्ये गेला. हसणाऱ्या माणसांचे चोवीस फोटो तिने मोठे केले, छोटे केले, कापले. बाईंच्या पानाकडे बघायला तिला सवड झाली नाही. फक्त एक गोष्ट तिच्या कानाने टिपून ठेवली. बाई दुपारी दोन ते चार झोपतात आणि त्या वेळात त्यांचा फोन वाजतच राहतो, हे वरच्या मजल्याला पाठ होतं. त्या आठवड्यात फोन दुपारी बऱ्याचदा वाजला आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या घंटेला उचलला गेला. गरज माणसाची झोप उडवते, असं म्हणून तिने डॉक्टरांच्या पानावरचा एक पिवळा दात पांढरा केला.

शुक्रवारी चारच्या सुमाराला धाकटीचा फोन आला. आधी धाकटीच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं झालं, मग मुलाच्या शाळेचं. मग धाकटी म्हणाली,

“तुझ्या त्या म्हाताऱ्याला मिळालं का कुणी?”

“कुठल्या म्हाताऱ्याला?”

“खोलीवाला. कडक दिसतोय, पण सज्जन वाटतो. मी एकटी असते तर घेतली असती खोली.”

“अगं, बाई आहेत त्या. टायपिस्टबाई, खालच्या.”

“मग ‘मी लवकर झोपतो’ कोण म्हणतंय?”

वेबताईने फोन खांद्याने कानाशी धरला आणि पान उघडलं.

‘या घरात मी एकतीस वर्षं राहतो. मी बोलतो कमी. मी रात्री लवकर झोपतो आणि उजाडायच्या आत उठतो. वर्तमानपत्र आधी मी वाचतो. मी चालतो तेव्हा पाय वाजतात, त्याची सवय करावी. माझ्या खुर्चीवर कुणी बसलेलं मला चालत नाही. बाकी त्रास काही नाही. मी घरीच असतो.’

‘आम्ही राहतो’ बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. त्यात कोण बोलतंय ते कळत नाही. तिने ‘आम्ही’ तेवढे उचलले होते आणि क्रियापदं होती तिथेच ठेवली होती. शाळेतल्या मुलीने करावी अशी चूक, आणि आठ दिवस ती चारचौघांत उभी होती. धाकटी तिकडे हसत होती. म्हणत होती, नऊ वाचकांना हा महिना पुरेल. वेबताईही हसली. पण ओळी पुन्हा वाचताना तिचं हसू मागे राहिलं. चूक असेल तर ती दाताखाली खड्यासारखी लागायला हवी. इथे काहीच लागत नव्हतं. उलट ‘आम्ही चालतो तेव्हा पाय वाजतात’ हे वाक्य तिने गेल्या आठवड्यात कागदावरून उतरवून घेतलं तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. बाईंचं वजन ते काय. त्या चालल्या तर मांजराला कळत नाही.

ती तशीच खाली गेली.

बाई पुढच्या खोलीत उशीला अभ्रा घालत होत्या. खोली झाडून, पुसून तयार होती. वेबताईने उभ्या उभ्याच चूक कबूल केली, पान वाचून दाखवलं आणि पाच मिनिटांत दुरुस्त करते म्हणाली. बाई खाटेच्या कडेवर बसल्या. वाचन चालू असताना त्यांची बोटं अभ्र्यावर चालत होती, ती वाचन संपल्यावरही थोडा वेळ चालत राहिली, कुणी अजून बोलत असल्यासारखी. मग थांबली.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, बाई. बटणाने झालं. चुकून.”

“चुकून,” बाई म्हणाल्या. “अगदी असंच बोलतात ते.”

“कोण?”

बाईंनी मधल्या बोळाकडे पाहिलं. घरात असलेल्या माणसाविषयी बोलण्याआधी आपण दार लोटलेलं आहे ना ते बघतो, तसं. मग विषय बदलावा तशा आवाज खाली आणून म्हणाल्या, की मुलगी मिळाली आहे. नर्स आहे. उद्या दुपारी सामान घेऊन येते. तिची आई तयार नव्हती, आधीच्या जागेत मुलीला वाईट अनुभव आला होता, कुणी तरी दाराशी यायचं. पण घरात वडीलधारा पुरुषमाणूस आहे, आणि तो कडक आहे, हे पान वाचून कळल्यावर आईने होकार दिला. फोनवरही सगळं नीट ठरलं.

“फोनवर तुम्हीच बोललात ना?”

“दुपारी मी झोपते,” बाई म्हणाल्या. “उद्यापर्यंत पानाला हात लावू नका.”

वर येऊन वेबताईने हिशेब मांडला, कारण मांडल्याशिवाय तिला काही सुचत नसे. फोनवर बाईच बोलल्या असणार. त्यांचा आवाज पातळ, तारेसारखा. पण जुन्या फोनमध्ये कुणाचाही आवाज कसाही लागतो. एकटेपणात माणूस कुणी तरी आहे असं धरून चालतो, तेही तिला कळत होतं; ती स्वतः कॉम्प्युटरला ‘चल रे बाबा’ म्हणायची. तिथपर्यंत सगळं जमेत होतं. अडचण पुढे होती. पान दुरुस्त केलं तर घरातला पुरुष जाणार, आणि त्याच्या मागोमाग नर्स. पान तसंच ठेवलं तर ते भाच्याच्या नजरेला पडणार. दोन्हींकडून बाईंचीच खाट तिकडे, शहराबाहेर. त्या शुक्रवारी तिने आठवड्याचा तुकडा लिहिला नाही. पान उघडून बसली आणि कर्सर लुकलुकत राहिला.

शनिवारी तीनला भाचा आला. जिना चढताना त्याने वेबताईला गाठलंच. ती नेमकी कचरा टाकून वर येत होती. भाचा वाईट माणूस नव्हता. त्याच्या एका हातात फळांची पिशवी होती, दुसऱ्यात न्हाणीघरात धरायला लावतात ती लोखंडी कडी, आणि तोंडावर झोप न झालेल्या माणसाचा रंग. त्याने कडी काखेत धरली आणि मोबाइल पुढे केला.

“हे तुम्ही केलंय ना? आत्याने सांगितलं तसं?”

ती काही बोलायच्या आत तो सांगत सुटला. काल बायकोने त्याला हे दाखवलं. दोन महिने त्याला शंका होतीच. आत्या फोनवर बोलता बोलता थांबते, पलीकडे कुणाला तरी ‘हो, सांगते’ म्हणते. आता तर ती स्वतःच पुरुष झाल्यासारखं लिहायला लागली. त्याने वृद्धाश्रमात फोन केला होता, गाडी खाली उभी होती, आणि आज तो आत्याला घेऊनच जाणार होता. भाडेकरू येवो, न येवो. डोकं फिरलेल्या बाईजवळ तो परक्याच्या मुलीला ठेवणार नव्हता, आणि त्याचं म्हणणं चूक होतं असंही म्हणता येत नव्हतं.

दार उघडंच होतं. बाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर, कचेरीत साहेब येताना बसाव्यात तशा. भाच्याचं अर्धं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी वेबताईकडे पाहिलं.

“चूक माझी आहे,” वेबताई म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. बाईंनी कागद दिला तो ‘आम्ही’मध्ये होता, तिने तो ‘मी’मध्ये केला, बटण दाबलं आणि पुन्हा वाचलं नाही. भाच्याचा चेहरा सुटेना, तेव्हा तिने किल्लीवाल्याची ‘हआम्ही’ बाहेर काढली, आणि ‘नेहआम्ही तत्पर’ ऐकल्यावर भाचा हसला. हसताना त्याने भिंतीला हात टेकला. आत्याचं वेड नव्हतं, वेबसाइटवालीचा गलथानपणा होता. हे ओझं किती हलकं, ते त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

“म्हणजे घरात पुरुष कुणी नाही,” तो म्हणाला. खात्री करून घेत होता.

“कुणी नाही.”

“आणि आत्यालाही तसं काही वाटत नाही.”

“कुणीच नाही हो,” वेबताई जरा जोरातच म्हणाली. “बाई एकट्या राहतात. दुसरं कुणी नव्हतं, नाही. सगळा माझा घोळ.”

आतल्या खोलीत कुठे तरी लाकूड कुरकुरलं. उन्हं कलली की लाकूड कुरकुरतं. भाच्याने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याच्यासमोरच तिने मोबाइलवर पान उघडलं आणि एकेक क्रियापद दुरुस्त करायला घेतलं. राहतो, राहते. झोपतो, झोपते. या वेळी बटण नाही, हाताने. ‘मी घरीच असतो’पाशी तिचं बोट थोडं थांबलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

ती पान चढवत होती तेव्हाच दारात नर्स दिसली. चाकांची बॅग, खांद्याला एक पिशवी, रुंद, शांत चेहरा. ती किती वेळ तिथे उभी होती ते कळलं नाही. भाच्याने पुढे होऊन तिची बॅग उंबरठ्याच्या आत घेतली, तिच्या हॉस्पिटलचं नाव विचारलं, ड्यूटीच्या वेळा विचारल्या, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याची मान थोडी अधिक डुलत गेली. आत्याकडे लक्ष असू द्या म्हणाला. न्हाणीघरातली कडी पुढच्या रविवारी येऊन बसवतो म्हणाला. वृद्धाश्रमाला आत्ताच फोन करून टाकतो, खाट अडवून ठेवायला नको. बाईंच्या डोक्याला त्याने ओझरता हात लावला आणि तो जिना उतरला.

तो गेल्यावर खोलीत तिघी राहिल्या. नर्सने बॅग उभीच ठेवली होती. तिची मूठ बॅगेच्या दांड्यावर होती.

“ताई, घरात कुणी नाही असं म्हणालात तुम्ही मघाशी,” ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. “मी आईला आजोबांचं सांगून आले आहे. माझं स्वतःचं बोलणं झालंय त्यांच्याशी. शनिवारी या, दुपारी मी जागा असतो, म्हणाले.”

वेबताईने खिडकीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर बॅग खाली जाणार. खिडकीतून भाचा दिसत होता. गाडीला टेकून, फोन कानाला लावून उभा. बॅग त्याच्या समोरूनच गेली असती.

“नसतील तर नाही सांगा,” नर्स म्हणाली. “राग नाही. पण मी आईशी खोटं बोलत नाही.”

“आहेत,” बाई म्हणाल्या. इतक्या साधेपणाने, की कुणी घड्याळात किती वाजले विचारावं आणि त्यांनी सांगावं. मग त्या वेबताईकडे वळल्या. “पण त्यांना लागलं असेल ते. एकतीस वर्षांत इतकं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.”

“बाई, भाच्यासमोर...”

“ते मला समजलं. त्यांनाही समजेल, पण सांगायला हवं. आत जाऊन एकदा बोला त्यांच्याशी.”

नर्स वाट बघत होती. खाली भाच्याने मान वर केली, खिडकीत वेबताई दिसली म्हणून हात हलवला. तिनेही हात हलवला. मग ती वळली आणि बोळातून आत गेली.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खोलीत एक खाट, भिंतीशी टेबल, टेबलावर झाकण घातलेला टाइपरायटर. खिडकीजवळ उंच पाठीची एक खुर्ची, दाराकडे पाठ करून. खुर्चीच्या एका बाजूला जमिनीवर वर्तमानपत्र होतं, घड्या घालून. तिथून पुढे जाऊन खुर्चीत बघणं काही कठीण नव्हतं. तीन पावलं. ती दारातच उभी राहिली.

हाक काय मारायची, इथेच पहिली पंचाईत झाली. काका म्हणावं तर ओळख नाही, आजोबा म्हणावं तर ती काही लहान नव्हती. शेवटी हाक न मारताच तिने सुरुवात केली, आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात.

“मघाशी मी बोलले ते मनावर घेऊ नका. बाईंना इथून नेतील म्हणून तसं म्हणावं लागलं. आपण नाही, असं मला म्हणायचं नव्हतं.”

बोलून झाल्यावर तिला जाणवलं, की आपण मान खाली घातली आहे. नाटकच करायचं तर ते नीट करायला हवं होतं. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तिने मनात दहा आकडे मोजायचं ठरवलं. खालून स्कूटर गेली. कुणी तरी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. सात, आठ. खोलीत काही हललं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त नवव्या आकड्याला, कुणी बघत असताना वाटतं तसं, हातांचं काय करावं ते तिला सुचेना. तिने दहा पुरे केले, ‘बरं’ म्हणाली आणि दार पुन्हा पहिल्यासारखं लोटलं.

बोळातून येताना तिने वाक्य जुळवून ठेवलं. ‘असू दे, म्हणाले.’ थोडकं, म्हाताऱ्या माणसाला शोभेल असं. डोळे नर्सच्या डोळ्यांकडे न नेता ते कसं म्हणायचं, तेही ठरवलं.

पुढच्या खोलीत बॅग खाटेवर आडवी पडली होती आणि तिची चेन उघडलेली होती. नर्स कपडे काढून एकावर एक रचत होती. बाईंनी कपाटाचा खालचा कप्पा तिच्यासाठी रिकामा करून दिला होता आणि त्या उशीवरून उगाच हात फिरवत होत्या. नर्सने वर पाहिलं. तिचा चेहरा मघापेक्षा मोकळा होता.

“तुम्ही उगाच घाबरलात, ताई,” ती म्हणाली. “हसले की ते.”

खाली गाडी सुरू झाली. वेबताईने खिडकीचा गज धरला. गाडी कोपऱ्यावरच्या गर्दीत वळेपर्यंत ती बघत राहिली.

“हो,” ती म्हणाली. “हसले.”